असेंब्ली भाषा आज कशासाठी?

गेल्या पावसाळ्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातील एक विद्यार्थी आमच्याकडे आला होता. त्याच्या अभ्यासक्रमात असेंब्ली भाषेचा एक पेपर आहे आणि त्या पेपराने त्यास अगदी जेरीस आणले होते. तो म्हणाला, "सर, दुसऱ्या भाषेत चार ओळींत होणारं काम इथे चाळीस ओळींत करायचं. नोकरीच्या मुलाखतीत ही भाषा कोणी विचारत नाही. आता तर आपण साध्या मराठीत सांगितलं तरी यंत्रच प्रोग्राम लिहून देतं. मग ह्या भाषेत लिहिण्यात काही अर्थ उरला आहे का?" प्रश्न रोखठोक होता. आम्ही त्यास तेव्हा दिलेले उत्तर घाईचे होते आणि त्याने आमचेच समाधान झाले नाही. त्याच प्रश्नाचा आज जरा सावकाश विचार करावा असे योजिले आहे.

श्रोत्यांपैकी पुष्कळांनी या भाषेचे नावही ऐकले नसेल. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. परंतु आपल्या खिशातील फोन, बँकेतील खाते, इस्पितळातील यंत्र ही सारी अखेर ज्या पातळीवर चालतात, ती पातळी या भाषेत वाचता येते. म्हणून हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नाही.

यंत्रास काय समजते?

संगणकाच्या प्रोसेसरास मराठी समजत नाही, इंग्रजीही समजत नाही. त्यास शून्य आणि एक यांच्या ठरावीक जुळण्याच तेवढ्या समजतात. आमच्या विद्यार्थिदशेत इंटेल कंपनीचा ८०८५ हा प्रोसेसर शिकवीत. १९७६ साली निघालेला हा प्रोसेसर पुढे कित्येक वर्षे आपल्याकडील महाविद्यालयांतून शिकविला गेला. त्याच्याकडून पाच आणि सात यांची बेरीज करून घ्यावयाची झाल्यास पुढील पाच जुळण्या त्याच्या स्मृतीत एकापुढे एक मांडाव्या लागतात: ००१११११०, ०००००१०१, ११०००११०, ०००००१११, ०१११०११०. पहिलीचा अर्थ, 'पुढे येणारा आकडा ए या कप्प्यात ठेव.' दुसरी म्हणजे तो आकडा, पाच. तिसरी सांगते, 'पुढचा आकडा त्यात मिळव.' चौथी म्हणजे सात. पाचवी म्हणते, 'थांब.'

अशा जुळण्या माणसाच्या लक्षात राहावयाच्या नाहीत. म्हणून प्रत्येक आज्ञेस एक आटोपशीर नाव दिले गेले. वरील तीन आज्ञा मग 'एमव्हीआय ए, ५', 'एडीआय ७' आणि 'एचएलटी' अशा लिहिता येतात. हीच असेंब्ली भाषा. तिचे मुख्य लक्षण ध्यानात ठेवावे: तिच्यातील एक ओळ म्हणजे साधारणतः यंत्राची एक आज्ञा. लिहिणारा आणि यंत्र यांच्यामध्ये आपल्या मनाने अर्थ लावणारा कोणी नसतो.

आम्ही हे शिकलो ते एका लहानशा संचावर. त्यास सहा आकडे दाखविणारी एक पट्टी आणि थोडी बटणे असत. कागदावर आज्ञा लिहावयाच्या, कोष्टकात पाहून त्यांचे आकडे काढावयाचे आणि ते एकेक करून दाबावयाचे. एक आकडा चुकला तर सारा डाव फसे. त्यातून वीज गेली तर तासाभराची मेहनत पुसली जाई, आणि त्या काळी वीज वरचेवर जात असे. त्या विद्यार्थ्याचा वैताग आम्हांस परका नव्हता, हे सांगण्यासाठीच हा उल्लेख केला.

दुभाष्या आला

आरंभीच्या काळात दुसरा मार्गच नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी बांधलेला मोठा संगणक १९६० साली चालू झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्याच्या स्मृतीत २,०४८ शब्द मावत, आणि प्रत्येक शब्द ४० अंकांचा असे. १९६९ साली माणसास चंद्रावर उतरविणाऱ्या अपोलो यानातील संगणकाची कायम स्मृती ३६,८६४ शब्दांची होती आणि बदलती स्मृती अवघ्या २,०४८ शब्दांची. आज फोनवर काढलेले एखादे छायाचित्र याच्या कित्येक पट जागा घेते. एवढ्या अडचणीच्या घरात संसार मांडावयाचा तर प्रत्येक भांडे कोठे ठेवावयाचे हे गृहिणीने स्वतःच ठरवावे लागते. त्या यानातील आज्ञावली मुख्यतः असेंब्ली भाषेतच लिहिलेली होती.

पण यंत्र स्वस्त आणि माणूस महाग होऊ लागला, तसे हे गणित बदलले. १९५७ साली जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम कंपनीत 'फोरट्रान' ही भाषा सिद्ध केली. तिच्यात गणिताची सूत्रे जवळजवळ जशीच्या तशी लिहिता येत, आणि त्यांचे यंत्राज्ञांत रूपांतर करण्याचे काम 'कंपायलर' नावाचा दुसरा प्रोग्राम करी. त्यास आपण दुभाष्या म्हणू. जाणत्या लोकांस तेव्हा शंका होती की, हाताने लिहिलेल्या आज्ञांची सर या दुभाष्याच्या भाषांतरास येणार नाही. ती शंका हळूहळू मावळली. १९७३ साली 'युनिक्स' ही यंत्राची सारी व्यवस्था पाहणारी आज्ञावली मुख्यतः 'सी' या भाषेत नव्याने लिहिली गेली आणि दुभाष्याच्या भरवशावर केवढे काम टाकता येते हे दिसून आले.

आजचा दुभाष्या तर मोठा हुशार झाला आहे. एखाद्या संख्येस दहाने भागावयाचे आहे असे समजा. भागाकार हे प्रोसेसरास तुलनेने सावकाशीचे काम. गुणाकार त्याहून पुष्कळ जलद. म्हणून दुभाष्या भागाकार करीतच नाही. तो त्या संख्येस ३४३५९७३८३७ या विचित्र आकड्याने गुणतो आणि आलेल्या गुणाकाराचे द्विमान अंक ३५ घरे उजवीकडे सरकवितो. उत्तर बिनचूक भागाकाराचे येते. यातील मर्म असे की, ३५ घरे सरकविणे म्हणजे दोनाच्या ३५ व्या घाताने भागणे. तो घात ३४३५९७३८३६८, आणि वरील आकडा जवळजवळ त्याचा दशांश आहे. असली युक्ती हाताने लिहिणाऱ्या किती जणांस ऐनवेळी सुचेल? दुभाष्यास ती दर वेळी सुचते, आणि तो कंटाळत नाही.

हाताने लिहिण्याची किंमत

तेव्हा संबंध सॉफ्टवेअर असेंब्ली भाषेत लिहावे काय, या प्रश्नाचे उत्तर आम्ही 'नाही' असेच देऊ. उत्तर नाही असले तरी ही भाषा मंद आहे असे कोणी समजू नये. तिच्या वेगाने एके काळी बाजार जिंकलेले आहेत. १९८३ साली आलेला 'लोटस १-२-३' हा हिशेबाच्या तक्त्यांचा प्रोग्राम असेंब्ली भाषेत लिहिलेला होता आणि त्याचा वेग हेच त्याच्या यशाचे एक मोठे कारण होते. पण प्रोग्राम वाढत गेला, नवी यंत्रे आली. अखेर त्याची तिसरी आवृत्ती सी भाषेत नव्याने लिहावी लागली. ती फार रेंगाळली आणि १९८९ साली बाहेर पडली. तोवर प्रतिस्पर्धी पुढे सरसावले होते.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. असेंब्ली भाषा ही एक भाषा नव्हेच. प्रोसेसरांची जेवढी घराणी तेवढ्या त्या भाषा. ॲपल कंपनीचा मॅकिन्टॉश संगणक १९८४ साली मोटोरोलाच्या प्रोसेसरावर निघाला. १९९४ साली कंपनीने पॉवरपीसी घेतला, २००६ साली इंटेल आणि २०२० साली एआरएम घराण्यातील स्वतःचा प्रोसेसर. ज्याने १९८४ साली आपला प्रोग्राम हाताने, यंत्राच्या आज्ञांत लिहिला असेल, त्यास तो टिकविण्यासाठी तीनदा मुळापासून लिहावा लागला असता. ज्याने दुभाष्यावर विसंबून लिहिला, त्याने डागडुजी पुष्कळ केली असेल, पण घर पाडून पुन्हा बांधावे लागले नसेल. माणसाचे आयुष्य मर्यादित आहे. दुभाष्या जे काम चोख करतो ते अट्टाहासाने हाताने करणे ही कारागिरी खरी, पण शहाणपणाची नव्हे.

जेथे अजून हात लागतो

मग ही भाषा कोणी लिहीतच नाही काय? लिहितात, पण जागा मोजक्या आहेत. त्यांपैकी तीन आपण पाहू.

पहिली जागा यंत्र जागे होते त्या क्षणाची. दुभाष्याचे भाषांतर चालण्यास काही मांडामांड आधी झालेली असावी लागते: तात्पुरत्या नोंदींसाठी स्मृतीचा एक भाग राखून ठेवलेला हवा, काही कप्पे ठरावीक स्थितीत हवेत. चूल पेटल्यावाचून स्वयंपाक नाही, आणि चूल काही स्वयंपाकाच्या कृतीने पेटत नाही. म्हणून पहिल्या काही आज्ञा हातानेच लिहितात. एक काम बाजूस ठेवून दुसरे हाती घेताना प्रोसेसरातील कप्प्यांची आवराआवर करावी लागते, तीही तशीच. 'लिनक्स'सारख्या प्रचंड आज्ञावलीत असा भाग अगदी थोडा आहे, पण त्यावाचून बाकीचे हलत नाही.

दुसरी जागा चलच्चित्राची. आपण फोनवर सामना पाहता किंवा कीर्तन पाहता. पडद्यावरील एका मोठ्या चित्रात १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदास ३० चित्रे धरल्यास सहा कोटींहून अधिक ठिपके होतात. हे चित्र घट्ट आवळून पाठविलेले असते आणि ते फोनात उलगडावे लागते. आजच्या प्रोसेसरांत एका आज्ञेसरशी १६ किंवा ३२ लहान आकड्यांवर एकदम क्रिया करण्याची सोय आहे. टपाल कचेरीत एकेका पाकिटावर शिक्का मारण्याऐवजी ३२ पाकिटांवर एकदम मारावा तशी. परंतु नेहमीच्या भाषांत आपण एकेका आकड्याचीच गोष्ट सांगतो, आणि तीवरून घाऊक कामाचा बेत दुभाष्यास दर वेळी ओळखता येत नाही. म्हणून 'एफएफएमपेग', 'डेव्हिड' यांसारख्या चित्र उलगडणाऱ्या प्रसिद्ध आज्ञावलींतील कळीचे भाग आजही माणसे हाताने असेंब्ली भाषेत लिहितात आणि त्या त्या भागाचा वेग कित्येक पटींनी वाढवितात. तेच काम थोड्या आज्ञांत उरकले म्हणजे फोनाची विजेची शिदोरीही अधिक पुरते.

तिसरी जागा गुपिताची. कुलपाचा संकेत एकेक अक्षर ताडून पाहणारा आणि पहिली चूक दिसताच 'नाही' म्हणणारा पहारेकरी कल्पावा. त्याचे 'नाही' किती वेळाने आले यावरून चोरास किती अक्षरे बरोबर होती ते कळते. वेळ मोजून संकेतलिपीचे गुपित फोडता येते, हे पॉल कोचर यांनी १९९६ साली दाखवून दिले. यावर उपाय म्हणजे उत्तर काहीही असो, वेळ तेवढाच लागेल अशा रीतीने आज्ञा मांडणे. दुभाष्यास मात्र हे गुपित आहे याची वार्ताही नसते. तो प्रामाणिकपणे वेळ वाचवू पाहतो आणि तेथेच घात होतो. म्हणून 'ओपनएसएसएल'सारख्या संकेतलिपीच्या संचांत नाजूक भाग अजून असेंब्ली भाषेत ठेवलेले आढळतात.

वाचणाऱ्यांची गरज

आतापर्यंत आपण लिहिण्याविषयी बोललो. परंतु आमच्या मते या प्रश्नाचे खरे मर्म वाचण्यात आहे.

मोडी लिपीचे उदाहरण घ्या. सरकारी व्यवहारातून मोडी गेल्यास अनेक दशके लोटली. आज कोणी आपले पत्र मोडीत लिहीत नाही, लिहावे असेही आम्ही म्हणणार नाही. पण वडिलोपार्जित जमिनीचा जुना कागद पुढे आला की मोडी जाणणाऱ्याचे घर शोधावे लागते. २०२३ साली राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा अशा जाणकारांची निकड सर्वांस जाणवली. लिहिण्याची गरज संपते तेव्हा वाचण्याची गरज संपतेच असे नाही. असेंब्लीच्या बाबतीत तर ती वाढत आहे. कारण मोडीचे नवे कागद तयार होत नाहीत, पण यंत्राज्ञांचे नवे कागद दुभाष्ये रोज अगणित लिहीत आहेत, आणि चालते ते तेच.

दुभाष्याचे भाषांतर नेहमी बरोबर असते काय? २०११ साली अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी सी भाषेच्या प्रचलित दुभाष्यांची कसून तपासणी केली असता पूर्वी ठाऊक नसलेले ३२५ हून अधिक दोष आढळले. आणि दोष नसतानाही घोटाळा होतो. प्रोग्राम लिहिणाराने काळजीपूर्वक लिहिलेले असते की, काम संपताच सांकेतिक शब्द स्मृतीतून पुसून टाकावा. दुभाष्या पाहतो की, ही जागा यापुढे कोणी वाचणार नाही, मग पुसण्याचे श्रम कशास? आणि ती आज्ञा तो गाळतो. नियमाप्रमाणे त्याचे काहीच चुकलेले नाही. पण पाटी पुसली असे समजून मालक निघून जातो आणि अक्षरे पाटीवर तशीच राहतात. मूळ प्रोग्राम शंभरदा वाचला तरी हे दिसावयाचे नाही. भाषांतर वाचले तर दिसते.

दुभाष्याच फितूर असेल तर? युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांनी १९८४ साली ट्युरिंग पारितोषिकाच्या आपल्या भाषणात हाच विचार मांडला. मूळ लिखाणात काडीचाही पुरावा न ठेवता दुभाष्या यंत्रात चोरदरवाजा कसा बसवू शकतो, हे त्यांनी त्यात दाखविले. पुष्कळांनी ती एक बौद्धिक करामत मानली असेल. पण मार्च २०२४ मध्ये त्याच जातीचा प्रकार प्रत्यक्ष घडला. फायली आवळून ठेवणाऱ्या 'एक्सझेड' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संचात कोणी तरी चोरदरवाजा बसविला होता. तो वाचता येणाऱ्या लिखाणात नव्हता. चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या फायलींत दडविलेला होता आणि संच बांधला जाताना आत शिरत होता. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्यास दुसरेच काही काम करताना आढळले की, दूरच्या यंत्रात प्रवेश मिळण्यास सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. त्यांनी ते सोडून दिले नाही. वेळ नेमका कोठे जातो याचा माग काढीत ते यंत्राज्ञांच्या पातळीपर्यंत उतरले आणि चोर सापडला. आपण सुरक्षेचे तज्ज्ञ नाही, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. तो संच तोवर मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांतच पोहोचला होता. तेथून पुढे तो जगभरच्या यंत्रांत गेला असता.

या गोष्टीचे तात्पर्य आम्हांस मोठे वाटते. त्या अर्ध्या सेकंदाची शंका पुष्कळांस येऊ शकली असती. शंका आल्यावर खाली उतरून पाहता येणे ही गोष्ट मात्र थोड्यांस साधते. ज्या समाजात अशी माणसे नाहीत, त्याने आपल्या बँका, वीजकेंद्रे आणि इस्पितळे दुभाष्याच्या शब्दावर सोडली असा त्याचा अर्थ होतो. आता यंत्रच मराठीतून सांगितलेले ऐकून प्रोग्राम लिहू लागले आहे, म्हणजे एका दुभाष्यावर दुसरा दुभाष्या आला. सोय वाढली हे मान्यच. पण मूळ वक्ता आणि प्रत्यक्ष कृती यांतील अंतरही तेवढेच वाढले.

आपल्यापुरते

आपल्या देशास याचे आणखी एक निकडीचे कारण आहे. २०१० साली अमेरिकेत बर्कली येथे 'रिस्क-फाइव्ह' या खुल्या आज्ञासंचाचे काम सुरू झाले. तो कोणासही परवान्याचे शुल्क न देता वापरता येतो. त्याच्या आधाराने मद्रासच्या आयआयटीने 'शक्ती' आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेने 'वेगा' हे प्रोसेसर तयार केले, आणि २०२२ साली केंद्र सरकारने या कामास चालना देणारा कार्यक्रम जाहीर केला. प्रोसेसर आपला झाला तरी त्यास जागे करणाऱ्या पहिल्या आज्ञा कोणी तरी लिहावयास हव्यात, त्याचा दुभाष्या कोणी तरी तपासावयास हवा. ही माणसे आयात करून भागणार नाही. त्यांचे शिक्षण त्या नकोशा पेपरापासूनच सुरू होते.

आता त्या विद्यार्थ्यास द्यावयाचे उत्तर. संबंध प्रोग्राम या भाषेत लिहिण्याच्या भानगडीत पडू नकोस; तो काळ गेला आणि त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. रिस्क-फाइव्हच्या मूळ संचात अवघ्या ४० आज्ञा आहेत. मुळाक्षरांपेक्षा त्या अधिक नाहीत. त्या शीक, त्यांत दोन-चार लहान प्रोग्राम स्वतःच्या हाताने लिही, कारण लिहिल्यावाचून वाचता येत नाही. मग तुझ्या नेहमीच्या भाषेत दहा ओळी लिहून दुभाष्याने त्यांचे काय केले ते उघडून पाहा. पहिल्या दिवशी काही उमगणार नाही. महिन्याभराने एखादी ओळ पाहून तू थबकशील आणि विचारशील, 'हे मी सांगितले नव्हते. मग येथे कसे आले?' हा प्रश्न ज्यास पडतो आणि त्याचे उत्तर ज्यास शोधता येते, अशा माणसाची गरज कोणत्याही मुलाखतीत विचारली न गेली तरी राहणार आहे.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा यावयाचा आहे. आमचा जुना संच माळ्यावरून काढून पुसून ठेवला आहे. वीज गेली तर नव्याने आकडे दाबावे लागतील. तेवढी तयारी त्याने ठेवावी.